उपाशी बरण्या

४ मार्च, मंगळवार

आणि मी म्हणतो, डावीकडे ठेवलेलं घासायचं नाही तर काय कडेवर घेऊन फिरवायचं? सिंकच्या डावीकडे मळकं, उजवीकडे धुतलेलं. या धुण्याच्या खोलीत आलो तेव्हा मला एवढी एकच गोष्ट शिकवली. दुसरं काही शिकवलंच नाही. डावीकडे ट्रे दिसला. ट्रेमध्ये काचेच्या पट्ट्या, पट्ट्यांवर बुळबुळीत थर — घासल्या! जीव खाऊन घासल्या. आधी साबण, मग ब्रश, मग गरम पाणी. बोट फिरवलं की करकर वाजेपर्यंत. उजवीकडे ओळीत मांडून ठेवल्या, आरशासारख्या.

तर तो बुळबुळीत थर म्हणजेच बाईंचं काम होतं म्हणे. आठवडेच्या आठवडे वाढवलेला. बाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, जाड चष्म्याच्या, जंतूंवर प्रयोग करतात त्या. आल्या, उजवीकडच्या पट्ट्या बघितल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शाबासकी देतायत. मग जो आवाज चढला! मला अक्कल आहे का, हात लावायला कुणी सांगितलं, डोळे कुठे होते. सगळा मजला गोळा झाला. सुपरवायझर धावत आला. काय झालं हे न विचारताच म्हणाला, बाई, याचा पगार कापतो.

घाण वाढवायचा त्यांना पगार. घाण काढली म्हणून माझा कापणार. वा रे न्याय.

तोंडावर एक अक्षर बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय. शाळा सातवीत सुटली, अक्षर कोंबडीने पाय फिरवल्यासारखं. पण ही वही निदान उलटून बोलत नाही.

५ मार्च, बुधवार

त्यातच आज आईचा फोन. पैसे पोचले नाहीत, बँकेत काही घोटाळा झाला का?

म्हटलं घोटाळा नाही. पाठवलेच नाहीत. या महिन्यापासून पाठवणार नाही. दादा उठेपर्यंत नाही.

किती वेळा सांगायचं? दादा ट्रक चालवायचा. मालकाने ट्रक विकला, त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून दादा पडून आहे. पडून म्हणजे अक्षरशः पडून — आतल्या खोलीत, माझ्या खाटेवर, भिंतीला पाय लावून. भिंतीवर त्याच्या टाचांचे काळे डाग पडलेत. कामं आली नाहीत असं नाही. पण हा म्हणतो, इतकी वर्षं गाडी स्वतःची असल्यासारखी चालवली, आता कुणाच्या हाताखाली जाऊ? आणि मी इथे काय राजा आहे? मी सगळ्या जगाच्या हाताखाली आहे!

आतली खोली माझी आहे. मी घर सोडलं तेव्हा आईनेच सांगितलं होतं — तू पाठवत राहा, आतली खोली तुझी, परत आलास की दार लावून खुशाल झोप. इथे आम्ही चौघे एका खोलीत. वर पलंग, खाली पलंग, मध्ये चपला. एक घोरतो, एक झोपेत हिशेब करतो. मे महिन्यात माझं इथलं कंत्राट संपतं. मला जायचंय. माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर, दार लावून. तोवर दादा तिथून हलला पाहिजे. बोलून झालं, भांडून झालं, वर्षभर गप्प बसूनही झालं. आता पोटाला चिमटा बसला की हलेल. कुठेतरी जाईल कामाला, लांब जाईल, मी आलो तसा.

आई म्हणाली, "अरे, त्याच्या एकट्याच्या पोटाला चिमटा कसा बसेल? ताट एकच आहे आमचं."

मी फोन ठेवला.

८ मार्च, शनिवार

बाईंनी वर बोलावलं. म्हटलं हाकलतात. हाकलू दे, ही सहावी नोकरी, सातवी बघू. मी एका जागी फार टिकतच नाही.

हाकललं नाही. खुर्चीतून न उठता म्हणाल्या, माझं काम तू धुऊन टाकलंस, आता पुन्हा उभं करायला तूच हात लाव. रोज दुपारी वर येऊन बरण्या भरायच्या. जादा पैसे मिळणार नाहीत हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

काम असं. कपाटात काचेच्या बरण्या. प्रत्येकीत पाणी, पाण्यात उभी एक काचपट्टी, आणि डोळ्यांना न दिसणारे किडे. किडे म्हटलं की बाई चिडतात, जंतू म्हणायचं. लाल खुणेच्या बरण्यांना पोटभर खाद्य — पिवळसर पाणी, मांस उकडल्यासारखा वास. पिवळ्या खुणेच्यांना तेच खाद्य, पण पाणी घालून घालून इतकं पातळ केलेलं की वाससुद्धा येत नाही. पांढऱ्या खुणेच्यांना जवळजवळ नुसतंच पाणी, त्यात कसलेसे क्षार. रोज जुनं काढून टाकायचं, नवं घालायचं. काचपट्टीला धक्का लावायचा नाही. आणि घासायचं नाही! हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी विचारलं, म्हणजे पांढऱ्यांना उपाशी मारायचं?

"मरतात का ते बघायचं," बाई म्हणाल्या.

मरतील नाही तर काय! खाली येऊन लंबूला सांगितलं. लंबू शेजारच्या सिंकवर असतो, आणि खोलीवर माझ्या वरच्या पलंगावर. त्याचे पाय पलंगात मावत नाहीत. सकाळी डोळे उघडले की नाकासमोर दोन अंगठे. त्याचं म्हणणं, उपाशी असला की कुणी पटकन मरत नाही, भांडखोर होतो, माझ्याकडे बघ म्हणाला. पैज लावली. पांढऱ्या बरण्यांतले मेले तर तो माझे कपडे महिनाभर धुणार, नाही मेले तर मी त्याचे. दिवसभर लोकांची भांडी धुवायची आणि वर पैज लावायची तीही धुण्याचीच. दुसरं सुचतच नाही आम्हाला.

११ मार्च, मंगळवार

सुपरवायझरने खरंच पगार कापला. कागदावर कारण लिहिलंय — निष्काळजीपणा. इतक्या काळजीने मी जन्मात काही घासलं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

आईचा फोन. यावेळी पैशाचं अवाक्षर नाही. मीच विचारलं, कसं चाललंय? चाललंय म्हणाली. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. वहिनी खोके बांधायच्या कारखान्यात जायला लागली. आई दिवसभर शेजारणीचं मूल सांभाळते, त्याचे ती काहीतरी देते. दूध बंद केलं, काळा चहा चांगला लागतो म्हणे. चांगला लागतो! मला काय शेंबडं पोर समजते?

आणि दादा?

आहे, बरा आहे.

म्हणजे पडूनच आहे. आईची ती 'आहे' म्हणायची तऱ्हा मला माहीत आहे. मध्ये थोडी थांबते.

अंगाचा तिळपापड झाला. ज्याला उठवायला मी पैसे बंद केले तो सोडून घरातली बाकी सगळी उठली! आईचे गुडघे धड नाहीत, ती दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन फिरते. वहिनीच्या बोटांना दोरीने चिरा पडल्यात. आणि तो पाय भिंतीला लावून! मी म्हटलं, आई, त्याचं ताट बंद कर, त्याच्या वाटणीचं तू खा. ती म्हणाली, तू तिकडे नीट जेवतोस ना?

हे काही उत्तर झालं?

बरण्या भरल्या. लाल बरण्या गढूळ झाल्यात, आतमध्ये नुसती गर्दी असणार. पांढऱ्या स्वच्छ. आरपार दिसतंय. मेलेच म्हणायचे. लंबूला साबण विकत आणायला सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

हरलो.

बाईंनी एकेक काचपट्टी बाहेर काढली, जांभळ्या रंगात बुडवली आणि वाहत्या पाण्याखाली धरली. म्हणाल्या, मोकळं असेल ते वाहून जाईल, चिकटून बसलं असेल तेवढंच जांभळं राहील. आधी लाल. पोटभर खाल्लेले, पाणी गढूळ करणारे — पट्टीवर फिकट डाग, धुतलेल्या शाईसारखे. मग पिवळी. अर्धपोटी ठेवलेले. पट्टी जांभळीगच्च! हाताला जाडी लागेल असा थर. मग पांढरी. थर पातळ, पण काय घट्ट! बाईंनी नळ पूर्ण सोडला तरी तसूभर हलला नाही. मला म्हणाल्या, घे, बोटाने घास. यावेळी मुद्दाम सांगितलं, घास म्हणून. घासलं. बोट जांभळं झालं, थर तिथेच.

मी म्हटलं पण पाणी तर स्वच्छ होतं. त्या म्हणाल्या, पाण्यात नव्हतेच ते, काचेवर होते. पाण्यातला एकटा जंतू, रोज जुनं पाणी फेकलं की त्याच्याबरोबर फेकला जातो. काचेवर थोडंफार अन्न येऊन बसतं. म्हणून उपाशी असले की काच धरतात, मग एकमेकांना धरतात, आणि अंगातून चिकट काढून त्याचंच वर छप्पर करतात. खायला नाही, पण छप्पर घालायला आहे! त्यातला एखादा मेला तर बाकीचे त्यावर दिवस काढतात. सगळ्या जातीचे असं करत नाहीत, असंही म्हणाल्या. काही जातीचे उपाशी ठेवले की उलट सुटून निघून जातात. म्हणून तर प्रयोग.

म्हणजे मला जसे पाहिजे होते तसे जंतू असतात. फक्त बाईंकडे नाहीत.

मी विचारलं, त्या थरात एखादा ऐतखाऊ असेल, स्वतः काही करत नाही, नुसता पडून खातो. त्याला बाकीचे ढकलून देत नाहीत?

बाई पहिल्यांदा हसल्या. असतात म्हणाल्या, तसले बरेच असतात, मधोमध बसून दुसऱ्याचं खातात.

"मग?"

"मग काय? चिकट त्यांनाही लागलेलंच असतं."

जिन्यावरून उतरताना हात पँटीला पुसत होतो. रंग जात नव्हता. लंबूला सगळं सांगितलं तर म्हणतो, तुझ्या घरी पण बाईंनीच बरण्या लावल्यात का रे? त्याला पाण्याची नळी मारली. भिजला. भिजलेला शर्टही मीच धुणार.

२० मार्च, गुरुवार

लंबूच्या पँटी. एकेक पँट म्हणजे पडदा. पिळायला दोन माणसं लागतात आणि तो स्वतः हात लावत नाही. पैज म्हणजे पैज म्हणतो, पलंगावर बसून.

२३ मार्च, रविवार

लंबूचे कपडे तसेच भिजत टाकून आलोय.

मी स्वतः फोन केला. वहिनीने उचलला. कशा आहात, बऱ्या आहात, झालं. मग म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला सांगायचंच होतं. आतली खोली भाड्याने दिली."

मला आधी कळेचना. कुठली आतली खोली?

दोन तर खोल्या आहेत घरात!

एक शिंपी आलाय. शिलाई मशीन, कपड्यांचे गठ्ठे, इस्त्री, सगळं आतल्या खोलीत. सकाळपासून मशीन चालू. आता सगळे बाहेरच्या खोलीत झोपतात, आई भिंतीकडे, मग वहिनी, मग दादा दाराशी. माझी खाट? ती विकली. ट्रंक आहे, मशीनच्या खाली सरकवली.

म्हणजे दादा माझ्या खाटेवरून उठला. खाटही उठली. खोलीही उठली. मी सांगितलं होतं तसंच झालं की सगळं!

म्हटलं दादाला द्या फोन. तो आला. आवाज कसा तरी वेगळा, तोंडात दोरा धरल्यासारखा. खरंच धरला होता. शिंप्याकडे काजं करतो, बटणं लावतो, उसवण काढतो. ट्रकचं स्टिअरिंग फिरवणारे हात! मी मुद्दाम डिवचलं, म्हटलं काय रे, तू तर कुणाच्या हाताखाली जाणार नव्हतास?

"हाताखाली कसलं? शेजारी बसतो त्याच्या," दादा म्हणाला.

मी अजून बोललो. बरंच बोललो. खोली माझी, खाट माझी, कुणाला विचारून विकली, तुझ्या टाचांनी भिंत काळी झाली ती कोण रंगवणार — काय काय. त्याने दातांनी दोरा तोडला. मागे मशीन चालू होतं. शेवटी म्हणाला, तू पैसे थांबवलेस ते बरंच केलंस, माझ्या मनात राग नाही.

राग नाही! अरे, मी इथे रागाने जळतोय आणि त्याच्या मनात राग नाही. शिवी तरी द्यायची. शिवी दिली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

२५ मार्च, मंगळवार

आज बाईंनी काही बरण्यांमध्ये जंतुनाशक घातलं. जिना पुसायला आम्ही जे वापरतो त्याच वासाचं. लाल बरण्यांतले मोकळे फिरणारे झटक्यात खलास. पिवळ्यांचा आणि पांढऱ्यांचा थर मात्र तसाच. वरवरचे मेले म्हणाल्या, आतल्यांपर्यंत औषध पोचलंच नाही. दुप्पट घालून बघितलं. तरी नाही.

परवापासून मी रोज फोन करतोय. कधी आई उचलते, कधी वहिनी, कधी दादा. कुणीही उचलला तरी एकच वाक्य. आम्ही बरे आहोत. आईला म्हटलं, वहिनी तुला राबवते. ती म्हणाली, नाही रे, तीच जास्त राबते. वहिनीला म्हटलं, दादाने तुमचं वाटोळं केलं. ती म्हणाली, आता करतात की काहीतरी. दादाला म्हटलं, आई तुझेच लाड करते. तो म्हणाला, करू दे, तुझेही केलेत. बोट घालायला कुठे फट नाही. पूर्वी एकेकटं मला फोन करून एकमेकांच्या तक्रारी सांगायचे! वहिनी दादाची, दादा आईची, आई दोघांची. मी इथे बसून निवाडा द्यायचो. पैसे माझे, निवाडाही माझा.

आता कुणी तक्रारच सांगत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी सुपरवायझर म्हणाला, कापलेले पैसे पुढच्या पगारात परत येतील. बाईंनी त्याला सांगितलं म्हणे, ट्रे डावीकडे मीच ठेवला होता. त्याला सांगितलं! मला नाही. रोज दुपारी तासभर माझ्यासमोर असतात, जंतूंचं कौतुक सांगतात, आणि ही एक गोष्ट सांगायला त्यांना सुपरवायझर लागला. सिंकच्या वर भिंतीत एक वेगळी फळी ठोकून घेतलीय त्यांनी. त्यावर मोठ्या अक्षरात — हात लावू नये. माझ्यासाठीच असणार, दुसरं कोण लावतं हात?

लंबू म्हणाला, आता तरी तोंड सरळ कर. कशाला करू? पैसे माझेच होते.

३१ मार्च, सोमवार

ठरवलं. मागच्या महिन्याचे अडवलेले, या पगाराचे, आणि परतीच्या प्रवासासाठी बाजूला ठेवलेले — सगळे एकदम पाठवतो. एवढे पैसे त्यांनी एकगठ्ठा कधी बघितले नसतील. अट एकच. शिंप्याला उठवा, खोली रिकामी करा, नवी खाट आणा. वहिनीने कारखाना सोडावा, आईने ते पोर परत करावं, दूध सुरू करावं. दादाने काय करायचं ते करावं, माझ्या खोलीत करू नये एवढंच.

आईला फोन करून सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, वहिनीला विचारते.

वहिनीला! माझे पैसे, माझी आई, माझी खोली.

२ एप्रिल, बुधवार

काल बाईंनी नवीनच सांगितलं. पिवळ्यांना आणि पांढऱ्यांना लाल खुणेचं खाद्य घाल. पोटभर. मला बरं वाटलं, खरंच. इतके दिवस त्यांना पाणी पाजतोय, हात आखडतो शेवटी. काठोकाठ ओतलं. जेवा म्हटलं लेको.

आज दुपारी वर गेलो तर बरण्या ढवळल्यासारख्या. पांढऱ्या बरण्या, ज्या आरपार दिसायच्या, त्या गढूळ. पट्ट्या काढून जांभळ्या केल्या, पाण्याखाली धरल्या — आणि तो थर, जो दुप्पट औषधाला हलला नाही, नळाला हलला नाही, माझ्या बोटाला हलला नाही, तो फाटक्या चिंधीसारखा निघून गेला. काही पट्ट्या तर स्वच्छच. मी घासल्या होत्या तेव्हा होत्या तशा.

बाई खूश. भराभरा लिहीत होत्या. पोट भरलं की सुटतात म्हणाल्या, ज्याचा तो मोकळा होतो, निघून जातो, आता काच कशाला धरेल? मी विचारलं, मग पुन्हा उपाशी ठेवले तर पुन्हा चिकटतील? त्या म्हणाल्या, चिकटतील, पण जे निघून गेले ते कुठे सापडणार, पाण्याबरोबर गेले ते गेले.

मी सिंकमध्ये बरण्या ओतल्या. जाळीतून सगळं खाली गेलं. मला उगाच वाईट वाटलं. जंतूंचं! डोकं फिरलंय माझं.

३ एप्रिल, गुरुवार

वहिनीचा फोन. स्वतःहून. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या दारातून बोलत होती, मागे गाड्यांचा आवाज.

म्हणाली पैसे नका पाठवू.

मी म्हटलं, मी तुम्हाला विचारत नाही, सांगतोय.

तिने ऐकून घेतलं. वहिनी कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडता येत नाही. मग म्हणाली, "एवढे पैसे आले की शिंपी जाईल. शिंपी गेला की हे पुन्हा आडवे होतील, आई पुन्हा माझ्यावर रुसतील, मी पुन्हा माहेरी जायची भाषा करीन. मागचं दीड वर्ष तुम्ही लांबून बघितलंत, भाऊजी. मी आत बसून काढलंय."

म्हणजे माझ्या पैशाने झालं सगळं? मी पोट मारून पाठवत होतो त्याने?

ती म्हणाली, तसं नाही म्हणत. पण आता घरात सगळ्यांचा वाटा ठरलाय. महिन्याच्या सुरुवातीला आई आपला ठेवतात, मी माझा, हे त्यांचा. सगळ्यांचा सारखा. ज्याच्याकडे जास्त उरेल त्याने ते आपल्याजवळ ठेवायचं, त्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही. तुम्हालाही ठेवायचा असेल तर तेवढाच ठेवा. त्याहून जास्त आले तर मी परत पाठवीन.

"आणि माझी खोली?" मी विचारलं.

"खोली शिंप्याकडे आहे. तुम्ही आलात की दाराशी हे सरकतील थोडे, मी भिंतीकडे सरकेन. जागा होईल."

आकडा विचारला. तिने सांगितला. मी हसलो. आधी पाठवायचो त्याच्या पाव भागही नाही. तेवढ्यावर मी मालकी सांगू शकत नाही, निवाडा देऊ शकत नाही, भिंतीचे डागसुद्धा काढू शकत नाही!

ती म्हणाली, भोंगा झाला, जाते. नीट जेवा.

४ एप्रिल, शुक्रवार

नालायक. सगळेच्या सगळे. एक दमडी पाठवणार नाही. मे महिन्यात घरी जाणार नाही. दुसरीकडे बघतो काम, अजून लांब. लंबूचा एक ओळखीचा आहे बंदरावर, तिथे माणसं घेतात म्हणे. मला कुणाची गरज नाही.

५ एप्रिल, शनिवार

बाईंनी विचारलं, मेनंतर राहतोस का, पुढचा प्रयोग वर्षभर चालेल, सुपरवायझरशी बोलते. आणि मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता — त्या दिवशी तुला फार बोलले. बस. एवढंच. इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं उत्तर तयार होतं माझ्याकडे. बघतो म्हटलं.

लंबूला बंदरावरच्या माणसाबद्दल विचारलं. तो म्हणाला, विचारतो. मग खाली वाकून, वरच्या पलंगावरून, उलटं तोंड करून म्हणाला, तिथे कुणीच ओळखीचं नसेल हं तुझ्या. मी म्हटलं तेच तर पाहिजे. तो म्हणाला, मग माझे कपडे कोण धुणार? उशी फेकून मारली. परत दिली नाही त्याने. बिनउशीचा झोपलो.

६ एप्रिल, रविवार

दिवसभर कुणाला फोन केला नाही. कुणाचा आला नाही. पूर्वी रविवारी तिघांचे वेगवेगळे यायचे, मी वैतागायचो.

संध्याकाळी उगाच वहीच्या मागच्या पानावर बाहेरची खोली काढली. भिंतीकडे आई. मग वहिनी. मग दादा. मग दार. दार आतल्या बाजूला उघडतं. माझे पाय कुठे येतील ते बघत होतो. दार उघडलं की लागणार. दादाला अजून सरकावं लागेल.

सरकू दे. दीड वर्ष पसरला होता.

७ एप्रिल, सोमवार

पगार झाला. कापलेलेही आले. पैसे पाठवायच्या खिडकीवर गेलो, सवयीने पूर्ण रक्कम लिहिली, खोडली, वहिनीने सांगितलेला आकडा लिहिला. खिडकीतला माणूस मला ओळखतो. म्हणाला, दरवेळी एवढे पाठवता, यावेळी इतकेच?

म्हटलं, आमच्या घरी सगळ्यांचे इतकेच असतात.

बाराशे.